किसनआप्पा आणि उलटा फ्रीज

किसनआप्पा कुणाच्याही घरी मशीन बघायला आले की उंबऱ्यात उभं राहून आधी लाटणं मागतात. पाना नाही, पक्कड नाही, टेस्टरसुद्धा नंतर. "बाई, लाटणं द्या." तेही कोरडं हवं, पिठाचा कण नसलेलं. मग लाटण्याचं एक टोक मशीनच्या अंगाला टेकवायचं, दुसरं स्वतःच्या उजव्या कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि पाच मिनिटं देवळापुढच्या कासवासारखं गप बसायचं. नवख्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याला चक्कर आली. आमच्या खुटबावात आता कुणाला त्याचं काही वाटत नाही. आप्पा परत गेले की बायका लाटणं तेवढं घासून घेतात.

डावा कान त्यांचा पूर्ण गेलेला आहे. दूध शीतकरण केंद्रावर तीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी काढली, त्यात तो गेला. "डावा कान दुधाला वाहिला," असं ते सांगतात. उजवा अर्धामुर्धा शिल्लक आहे, पण तो माणसांवर खर्च करायची त्यांची तयारी नसते. "आप्पा, कसं काय?" असं विचारलं तर "साडेचारला" असं उत्तर येतं. मात्र दोन गल्ल्या पलीकडे कुणाची पाण्याची मोटर जरा जड आवाज काढायला लागली, की आप्पा चहाचा कप खाली ठेवतात आणि म्हणतात, "बेरिंग रडतंय कुणाचं तरी."

स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे बोलणं सगळं ओरडून. त्यामुळे आप्पांनी कुणाच्या घरी काय दुरुस्त केलं आणि तिथे कुणाची काय चूक निघाली, हे गावाला फुकटात कळतं.

आणि चूक निघतेच. कारण आप्पांचा सिद्धांत असा, की मशीनची चूक नसते. "मशीन खोटं बोलत न्हाई. खोटं बोलतो त्यो माणूस." त्यामुळे दुरुस्तीआधी ते घरातल्या सगळ्यांची उलटतपासणी घेतात. कवा बंद पडलं? तवा जवळ कोण होतं? आदल्या दिवशी काय केलं होतं? एकदा गावातली पिठाची गिरणी अडली. गिरणीवाला म्हणाला, दगड झिजला असेल. आप्पांनी त्याला पोत्यावर बसवलं आणि अर्धा तास प्रश्न विचारले. शेवटी गडी कबूल झाला, की मेव्हणी ओली ज्वारी घेऊन आली होती, तिला नाही म्हणवेना. आप्पांनी तिथूनच गावाला निकाल ऐकवला, "गिरणी निर्दोष हाय! मेव्हणीचा प्रॉब्लेम हाय!" ती मेव्हणी पुढे वर्षभर केडगावला जाऊन दळण आणत होती.

आमचं घर आप्पांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मी हायस्कुलात गणित शिकवते, आमचे हे कुरकुंभला कारखान्यात आहेत, पाळी फिरती. घरात माझ्या सासूबाई. त्यांना मीही आईच म्हणते. आईंचे गुडघे थंडीत फार धरतात आणि बंबाचा धूर त्यांना सोसत नाही, म्हणून पुण्याच्या धाकट्या दिरांनी मागच्या दिवाळीत परसात हीट पंप बसवून दिला. एक पंख्याची पेटी, शेजारी पाण्याची मोठी टाकी, मध्ये नळ्या. विजेचं बिल कमी आणि पाणी कायम गरम.

तो बसवताना आप्पा न बोलावता आले. पेटीभोवती तीन फेऱ्या मारल्या. पंख्यापुढे हात धरला, टाकीच्या नळीला हात लावला, परत पंख्यापुढे धरला. आणि एकदम लहान पोरासारखे हसले.

"बाई, ह्यो तर आमच्यातलाच निघाला! आमचं मशीन दुधातली ऊब काढून बाहेर टाकायचं. ह्यो बाहेरची ऊब गोळा करतोय आन् पाण्यात घालतोय. उलटा फ्रीज हाय ह्यो!"

त्या आठवड्यात त्यांनी निदान दहा माणसं आमच्या परसात आणून दाखवली. पाहुणे दाखवावेत तसा ते हीट पंप दाखवत. "हात लावा, हात लावा. हिकडं गार, तिकडं ऊन." रिटायर झाल्यापासून त्यांना त्यांच्या जातीचं मशीन भेटलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या घरी फ्रीजसुद्धा नाही. विचारलं तर सांगतात, "तीस वर्षं गारठ्यात काढली. आता घरात कशाला?"

पौषात, ऐन कडाक्याच्या थंडीत, पंप बंद पडला.

पेटीवर एक लाल अक्षर आणि एक आकडा लुकलुकायला लागला. कंपनीला फोन केला. चार दिवसांनी पुण्याहून एक इंजिनिअर आले, दहा मिनिटं काहीबाही फिरवलं, पंप सुरू झाला, ते गेले. दोन दिवसांनी परत लाल अक्षर. मग आम्ही आप्पांना बोलावलं.

आप्पा आले, पण रुसूनच. "मोठ्या डाक्टरला दाखवलं. आता वैदाची आठवण झाली व्हय?" तरी लाटणं मागितलं. पेटीला लावलं, डोळे मिटले. बऱ्याच वेळाने उघडले आणि म्हणाले, "काय बी बोलत न्हाई. मुकं झालंय." बंद पडलेलं मशीन बोलणार काय, हे त्यांना कुणी सांगावं?

मग तपासणी. मी कवा उठले, ह्यांनी कवा आंघोळ केली, पाहुणे कोण आले होते. आमचे हे रात्रपाळी करून आलेले, डोळ्यांवर झोप, ते आधीच वैतागले होते. ते आईंकडे वळून म्हणाले, "आई, तू हात लावला होतास का त्याला?"

"मी कशाला लावू रे? मला काय कळतंय त्यातलं?"

"मग आपोआप बंद पडतंय का? दिवसभर घरात तूच असतेस!"

आप्पांनी मध्येच हात वर केला. "दम खावा. पुस्तक असंल ह्याचं, ते वाचा बाई."

मी माहितीपुस्तिका आणली. त्या लाल अक्षरापुढे लिहिलं होतं, की पाण्याचा फ्लो कमी आहे.

"काय कमी हाय?"

"फ्लो, आप्पा."

"फुलं?"

"फ्लो! फ्लो! पाणी!" मी वर्गात ओरडते तशी ओरडले. "पाणी येत नाहीये! पाणी!"

शेजारच्या दोन बायका हंडे घेऊन धावत बाहेर आल्या. त्यांना वाटलं, ग्रामपंचायतीचं पाणी सुटलं आणि आपल्याला सांगतायत.

आप्पांनी नळीतली जाळी उघडली. पांढऱ्या खड्यांनी ती पार भरून गेली होती. आमचं बोअरचं पाणी जड, त्याचा हा प्रताप. आप्पांनी जाळी तळहातावर घेऊन गल्लीला दाखवली. "मुतखडा! ह्याला मुतखडा झालाय!" नळ्यांवरचे व्हॉल, म्हणजे चाव्या, बंद-चालू करून, जाळी लिंबाच्या रसात बुडवून, घासून परत बसवली. पंप घर्र करून सुरू झाला. आप्पांनी लाटणं लावून ऐकलं आणि मला म्हणाले, "आता गातोय बगा." जाताना चहा दोनदा प्यायले.

तीन दिवसांनी परत लाल अक्षर.

या खेपेला आप्पांनी निदान केलं, की नळीत वारं धरलंय. बाळाला ढेकर काढायला खांद्यावर घेतात, तशा नळ्या सैल करून त्यांनी ते वारं काढलं. पंप सुरू. दोन दिवसांनी बंद. मग म्हणाले, व्होल्टेज. उसाच्या मोटारी चालू असल्या की गावात लाईट मरगळते, हे खरंच होतं. त्यांनी दोन दिवस टेस्टर घेऊन आमच्या बोर्डापुढे मुक्काम केला. व्होल्टेज चांगलं असतानाही पंप बंदच.

एसटी स्टँडवरच्या हॉटेलात लोक त्यांना चिडवायला लागले. "आप्पा, लाटणं बदला. पोळपाट घेऊन बघा." गिरणीवाल्याने तर विचारलं म्हणे, "आप्पा, बाईंच्या मालकांना कुणी मेव्हणी हाय का?" आप्पांना ऐकू आलं नाही असं लोकांना वाटलं. पण त्यांनी चहा अर्धा टाकला आणि उठून आले, हे मला हॉटेलवाल्याच्या बायकोने सांगितलं.

आमच्या घरातही काही बरं चाललं नव्हतं. आमच्या ह्यांनी फोन करून दिरांना सांगितलं, तुझं मशीन परत घेऊन जा. दीर म्हणाले, मशीन चांगलं आहे, तुम्हाला वापरता येत नाही. मग दोघांनी पंधरा वर्षांपूर्वीचं काही काही काढलं. आई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या दिवसापासून त्या गरम पाणी मागेनाशा झाल्या. "राहू दे गं, मला गारच बरं वाटतं," म्हणायच्या आणि आंघोळीला गेल्या की आतून दात वाजल्याचं ऐकू यायचं.

शेवटी आप्पा एका संध्याकाळी दारात येऊन उभे राहिले. लाटणं मागितलं नाही. म्हणाले, "बाई, मला एक दिवस द्या. येऊन-जाऊन न्हाई कळायचं. मी त्याच्याजवळ बसून राहतो."

बुधवारी सकाळी ते डबा आणि पाण्याची बाटली घेऊनच आले आणि नळ्या परत उघडून-बसवून पंप सुरू केला. ह्यांची दिवसपाळी, माझी शाळा. परसात लाकडी स्टूल टाकून, हीट पंपाकडे तोंड करून आप्पा बसले होते. रुग्णालयात नातेवाईक बसतात, अगदी तसे. मी मनात हसत शाळेला गेले.

साडेपाचला घरी आले तर पंप सुरू होता. आप्पा स्टुलावर, शेजारी पायरीवर आई, दोघांच्या मध्ये सुपात पावट्याच्या शेंगा. दोघं शेंगा सोलत होते. आप्पांच्या तोंडावर जिंकल्याची खूण काही दिसेना. एरवी एवढ्यात गल्लीला निकाल कळलेला असायचा.

"सापडलं का, आप्पा?"

"सापडलं." पेटीच्या मागे हात घालून त्यांनी टाकीकडे जाणाऱ्या नळीचा व्हॉल दाखवला. "ह्यो बंद व्हत होता. कंपनीच्या माणसानं, मी, दर टायमाला नळ्या उघडताना ह्यो उघडला, म्हणून चालू व्हायचं."

"पण बंद कशाने होत होता?"

आप्पांनी दांडीवरून अंगठा फिरवला. "व्हायब्रेशननं. मशीन हादरतं, हादऱ्यानं दांडी फिरते. मशीनचीच चूक हाय." आणि त्यांनी व्हॉलची पितळी दांडी काढून खिशात टाकली. "आता दांडीच न्हाई, फिरंल काय?"

थोड्या वेळाने आमचे हे आले. त्यांनाही आप्पांनी तेच सांगितलं. ह्यांनी लगेच दिरांना फोन लावला, व्हायब्रेशन होतं म्हणून सांगितलं. दोघांनी कंपनीला मनसोक्त नावं ठेवली आणि त्या निमित्ताने भावाभावांत गोडी झाली. आईंनी त्या दिवशी गरम पाण्याने हातपाय धुतले.

माझं मात्र समाधान होईना. तो व्हॉल मी पंप बसवला त्या दिवशी फिरवून पाहिला होता. दोन्ही हात लावावे लागले होते. एवढा घट्ट व्हॉल हादऱ्याने फिरत नसतो. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, किसनआप्पा मशीनची चूक म्हणाले होते. मेव्हणीलासुद्धा न सोडणारा माणूस.

मी त्यांना पोहोचवायला फाटकापर्यंत गेले. "आप्पा, व्हॉल कुणी बंद केला?"

त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मी उजव्या बाजूला जाऊन परत विचारलं.

तेव्हा आप्पांचा आवाज मी पहिल्यांदा उतरलेला ऐकला. मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"चार वाजता वैनी, तुमच्या सासूबाई, आल्या. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. सरळ मागं हात घातला, दोन्ही हातांनी दांडी फिरवली. जाताना मला म्हणाल्या, म्हशींचा हौद भरला हो, पाणी वाहून जायला लागलंय."

पेटी उभी आहे तिथे पूर्वी म्हशींचा हौद होता. म्हशी विकून दहा वर्षं झाली. मी लग्न होऊन आले तेव्हा रोज चारला आई तो हौद भरला की नळ बंद करायच्या. आईंची किल्ली हरवते, भाजीत मीठ दोनदा पडतं, मला कधी कधी नणंदेच्या नावाने हाक मारतात, हे सगळं मी बघत होते. वय झालं, म्हणून सोडून देत होते.

"अर्ध्या तासानं मी विचारलं," आप्पा म्हणाले, "वैनी, मघाशी परसात आला व्हता का? न्हाई म्हणाल्या. खोटं न्हाई बोलल्या त्या, बाई. त्यांना ठावंच न्हाई."

"तुम्ही ह्यांना का नाही सांगितलंत?"

आप्पा फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिले. त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. शेवटी शेवटी ती घराबाहेर पडत नव्हती, एवढंच आम्हाला माहीत होतं.

"आमच्या हिचं असंच सुरू झालं व्हतं," ते म्हणाले. "गॅस चालूच ऱ्हायचा. दूध शेगडीवर जळायचं. आन् मी, माझी सवय तुमाला म्हायती हाय. समोर बसवायचो. कवा ठेवलं दूध? कुणी ठेवलं? तू न्हाई तर मग कोण? रोज. मला वाटायचं, नीट विचारलं की उत्तर येतंय. येत न्हाई म्हणून आवाज चढवायचो. सहा-सात म्हैने मी तिची तपासणी घेतली, बाई. पुढं पुढं मी घरात आलो की ती हात पदराखाली लपवायची. हातात काय बी नसायचं."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. तो लांब जाईपर्यंत आप्पा थांबले.

"परवा तुमच्या मालकांनी आवाज चढवला, तवा वैनींनी हात पदरात घेतले. तुमचं ध्यान मालकांकडं व्हतं. मी बघितलं. त्यांना इचारू नका म्हणावं. काय बी झालं तर मशीनवर घाला."

त्या संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. हे उठून आईंच्या खोलीत गेले आणि त्यांचे पाय चेपत बसले. आईंनी विचारलं, "काय झालं रे?" हे म्हणाले, "काही नाही." दुसऱ्या आठवड्यात दौंडला डॉक्टरांना दाखवलं. औषधं सुरू झाली. त्यांचा किती गुण येईल ते डॉक्टरांनी खरंखरं सांगितलं.

हीट पंप पुन्हा बंद पडला नाही. तरी आप्पा रोज चारच्या सुमाराला परसात यायला लागले. "मशीन नजरंखाली ठेवलं पायजे," असं आमच्या ह्यांना ओरडून सांगायचे. आई दुपारी एकट्या असतात, त्यांना सोबत होते, म्हणून मीही काही बोलले नाही.

एका रविवारी बघते तर आप्पा परसाच्या भिंतीवर एक जुना पितळी व्हॉल बसवतायत. दोन्ही बाजूंनी उघडा. नळी अलीकडे नाही, पलीकडे नाही. खिशातली दांडी त्याला लावून त्यांनी ती तीनतीनदा फिरवून बघितली, तेल घातलं, परत फिरवून बघितली.

हे म्हणाले, "आप्पा, हा कशाचा?"

"साडेपाचला," आप्पा म्हणाले.

मला मात्र त्यांनी नंतर सांगितलं. दांडी काढल्यापासून आई रोज चार वाजता पेटीमागे हात घालून चाचपत होत्या. काही सापडत नव्हतं. मग संध्याकाळपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा, पाणी वाहून जातंय, पाणी वाहून जातंय, असं चालायचं. "हिथं हाताला लागंल," आप्पा म्हणाले. "घट्ट बी न्हाई. मऊ केलाय."

परवा शनिवारी माझी शाळा लवकर सुटली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. चारला आई पदर खोचत परसात आल्या, भिंतीवरचा व्हॉल एका हाताने बंद केला आणि स्टुलावर बसलेल्या आप्पांना म्हणाल्या, "म्हशींचं पाणी बंद केलं हो."

"बरं केलंत, वैनी. लई वाहून गेलं असतं."

"तुम्ही कुणाकडचे?"

"मी किसन. दूध केंद्रावरचा."

"असं होय. बसा, चहा ठेवते."

आई आत आल्या. आप्पा उठले, भिंतीपाशी गेले आणि उद्यासाठी व्हॉल उघडून ठेवला.